ॲव्हरेज वाढवणाऱ्या डबीत काय असतं?

परभणीत पेट्रोल इतकं महाग का, याचं उत्तर मनमाडजवळच्या पानेवाडीत सापडतं. तिथल्या डेपोत टँकर भरतो आणि परभणीच्या पंपावर तो रिकामा होईपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरची वाहतूक पेट्रोलच्या भावात चढलेली असते. २०२१च्या मे महिन्यात साध्या पेट्रोलनं शंभरी गाठली ती आधी परभणीत, मुंबईचा नंबर नंतर लागला. नांदेडचे भावही परभणीच्या मागोमागच असतात. देगलूर, उदगीर, निलंगा या भागातली माणसं कर्नाटकात काही काम निघालं की टाकी तिकडच्याच पंपावर फुल्ल करून परततात, कारण लिटरमागे काही रुपये वाचतात.

अशा मुलखात 'गाडीचं ॲव्हरेज वाढवून देतो' म्हणणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक मिळालं नाही तरच नवल. या वस्तू नाना तऱ्हेच्या आहेत. काही लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायच्या, काही स्टिअरिंगखाली गाडीच्या संगणकाला जोडण्यासाठी असलेल्या ओबीडी पोर्टमध्ये. पेट्रोलच्या नळीला बांधायचे चुंबक आहेत, हवेच्या पाइपात बसवायचे पत्र्याचे पंखे आहेत, टाकीत टाकायच्या गोळ्या आहेत. बॉनेटखाली पाण्याची बरणी बसवून 'पाण्यावर चालणारी गाडी' असं नाव देणारी किटंही आहेत. किंमत काहीशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत. माझं मत आधीच सांगून टाकतो: यातली एकही वस्तू घेऊ नका. मात्र नुसत्या मतावर विसंबू नका. या वस्तू का चालत नाहीत आणि तरीही त्या लावलेल्या माणसाला फरक पडल्यासारखा का वाटतो, या दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत. दुसरी जास्तच.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ हजार किलोज्यूल ऊर्जा असते. त्यातली पाव ते एक तृतीयांश चाकांपर्यंत जाऊ शकते, तीही इंजिन निवांत एका लयीत चालत असेल तेव्हा. उरलेली सायलेन्सरमधून गरम धुराबरोबर, रेडिएटरमधून उष्णता म्हणून आणि यंत्राच्या घर्षणात निघून जाते. विकणारे नेमकं इथंच बोट ठेवतात. 'तुमचं सत्तर टक्के पेट्रोल वाया जातं, आमची वस्तू ते पूर्ण जाळते.' यातला पहिला अर्धा भाग जवळपास खरा आहे. दुसरा साफ खोटा आहे. वाया जाते ती उष्णता. पेट्रोल न जळता जात नाही. सुस्थितीतल्या आजच्या इंजिनात ९८ टक्क्यांच्या आसपास पेट्रोल सिलिंडरमध्येच जळून जातं आणि जे थोडं उरतं ते पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं. म्हणजे 'पूर्ण ज्वलन' घडवणारी खरीखुरी जादू जरी हाती लागली, तरी तिला कमावण्यासाठी शिल्लक आहे जेमतेम दोन टक्के. मग वीस टक्के वाढ येणार कुठून? वाया जाणारी उष्णता परत कामाला लावायची, तर कॉम्प्रेशन, टायमिंग, टर्बो, म्हणजे इंजिनाची मूळ रचनाच बदलावी लागते. नळीला बाहेरून बांधलेल्या वस्तूच्या आवाक्यातलं ते काम नाही.

या वस्तूंवर लोकांचा विश्वास बसतो, याला एक जुनं आणि खरं कारण आहे. कार्बोरेटरच्या काळात मिस्त्रीच्या हातात ॲव्हरेज खरोखरच होतं. राजदूत असो, ॲम्बॅसिडर असो, गाडी गॅरेजात गेली की पहिला प्रश्न यायचा, 'पिकअप पाहिजे का ॲव्हरेज?' कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला की मिश्रणातलं पेट्रोल कमी-जास्त व्हायचं, आणि दोन-तीन किलोमीटरचा फरक पुढच्या टाकीत दिसायचा. तेव्हा हवेच्या वाटेत काही अडकवलं किंवा जास्तीची हवा आत सोडली, तरी मिश्रण बदलायचं आणि क्वचित थोडा फायदाही व्हायचा. पेट्रोलच्या टाकीत डांबर गोळ्या टाकायची चालही त्याच दिवसांतली. त्यांतलं नॅफ्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं हे खरं, पण त्यानं ॲव्हरेज वाढत नाही, आणि त्याचे खडे बारीक छिद्रांत बसले की उलट काम वाढतं.

तो काळ आता सरला. भारतात मोटारींतले कार्बोरेटर गेल्याला दोन दशकं होऊन गेली. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ हे उत्सर्जनाचं मानक आलं तेव्हा दुचाकींतलेही गेले. आजच्या पेट्रोल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर एक ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो इंजिनाच्या संगणकाला सतत कळवत राहतो. वजनानं एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, या प्रमाणापासून मिश्रण ढळलं की संगणक लगेच इंजेक्टरची वेळ बदलून ते जागेवर आणतो. त्यामुळं हवेच्या पाइपात पंखा बसवा नाहीतर काहीही बसवा, संगणक तुमचा खटाटोप काही क्षणांत पुसून टाकतो. पंख्याचं काम उरतं एवढंच, की हवेला वाट थोडी अरुंद करायची.

चुंबकाची गोष्ट त्याहून साधी. पेट्रोल आणि डिझेल हे हायड्रोकार्बन आहेत आणि चुंबकाचा त्यांच्यावर होणारा परिणाम अत्यंत क्षीण असतो. 'रेणूंचे झुपके सुटे होतात, म्हणून ते चांगले जळतात' असं पाकिटावर लिहिलेलं असतं. पण इंजेक्टर त्या पेट्रोलचा धुक्यासारखा फवारा करतोच आणि सिलिंडरच्या उष्णतेत त्याची वाफही होते. मग झुपके सुटायचे राहिले कुठं?

लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची डबी उघडून पाहिली तर आत सहसा एक छोटं सर्किट बोर्ड, त्यावर एक-दोन रेझिस्टर, एखादा कपॅसिटर आणि एक हिरवा किंवा निळा एलईडी एवढंच निघतं. सॉकेटमधल्या बारा व्होल्टवर तो दिवा लागतो. 'व्होल्टेज स्थिर करून स्पार्क सुधारतो' हा या डबीचा दावा, पण व्होल्टेज सांभाळायला गाडीत आधीपासून अल्टरनेटरचा रेग्युलेटर आणि स्वतः बॅटरी बसलेली असते. त्यांच्यापुढं हा शेंगदाण्याएवढा कपॅसिटर काहीच नाही. ओबीडी पोर्टमधल्या अशा डब्या तपासणाऱ्या अभियंत्यांना तर असं दिसलं, की काही डब्यांतली चिप गाडीच्या संगणकाशी बोलतच नाही. संगणकाला संदेश पाठवायला जे सर्किट लागतं, तेच आत नसतं. दिवे मात्र अगदी गंभीरपणे लुकलुकत असतात.

पाण्याच्या किटबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण ते सगळ्यात महाग असतं आणि त्यामागं शाळेत शिकलेलं विज्ञान उभं केलेलं असतं. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. हा वायू, ज्याला एचएचओ म्हणतात, हवेच्या पाइपात सोडायचा आणि इंजिनात जाळायचा. हे सगळं खरंच घडतं. प्रश्न फक्त हिशेबाचा आहे, तेव्हा हिशेबच करू. समजा बरणीत सहा घरं एकामागोमाग जोडलेली आहेत आणि त्यांतून तासभर १० अँपिअर वीज जाते. गाडी चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, म्हणून तासाला सुमारे ५०० किलोज्यूल वीज खर्ची पडते. फॅरडेच्या नियमानं या विजेतून जास्तीत जास्त २७ लिटरच्या आसपास हायड्रोजन सुटेल, आणि तो जळून मिळेल सुमारे २७० किलोज्यूल उष्णता. आता उलटं मोजा. ही वीज अल्टरनेटरनं बनवली, त्यात चाळीस टक्के गेले. अल्टरनेटर इंजिनानं फिरवला, आणि इंजिनानं पेट्रोलच्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामाला लावला. म्हणजे ५०० किलोज्यूल विजेसाठी पेट्रोल जळलं सुमारे ३,३०० किलोज्यूलचं. शंभरहून थोडं जास्त मिलिलिटर पेट्रोल जाळून आठ-नऊ मिलिलिटर पेट्रोलएवढा वायू हाती आला. विहिरीचं पाणी मोटरीनं वर चढवायचं, आणि तेच पाणी खाली सोडून त्याच्यावर मोटर चालवायची, असा हा प्रकार आहे.

यावर विक्रेत्याचं उत्तर तयार असतं: 'ऊर्जा सोडा हो, हायड्रोजन पेट्रोलला नीट जळायला मदत करतो.' पण नीट जळायला उरलेलं पेट्रोल दोन टक्के आहे, हे वर आलंच. म्हणून काही किटांत आणखी एक छोटं सर्किट देतात. ते ऑक्सिजन सेन्सरचा संदेश मधेच बदलून संगणकाला खोटं सांगतं, की मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. संगणक बिचारा पेट्रोल कमी करतो, मिश्रण पातळ होतं, आणि कधीकधी ॲव्हरेज खरंच थोडं वाढतं. त्याची किंमत इंजिनाची घटलेली ओढ, जास्त तापमान आणि धुरातली नायट्रोजनची ऑक्साइडं या रूपानं चुकवावी लागते. नांदेडच्या मे महिन्यात पारा ४२-४३वर असताना इंजिन मुद्दाम गरम चालवणं म्हणजे पुढचं बिल स्वतःच्या हातानं लिहून ठेवणं.

आता अवघड भाग. एखादा भला माणूस शपथेवर सांगतो, 'मी लावलं, माझी गाडी अठराची वीस द्यायला लागली.' तो खोटं बोलत नसतो. त्याचं मोजमाप त्याला फसवतं.

नांदेड ते लातूर हा रस्ता घ्या. लोहा, अहमदपूर, चाकूर करत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१, अंतर साधारण १४० किलोमीटर. नांदेड गोदावरीच्या काठी, लातूर बालाघाटच्या पठारावर. दोन्ही गावांच्या उंचीत दीडशे मीटरहून जास्त फरक आहे. चढ इतका सावकाश आहे की गाडीत बसलेल्याला तो कळतसुद्धा नाही. इंजिनाला मात्र कळतो. माणसांसह तेराशे किलोची गाडी दीडशे मीटर वर न्यायला १,९०० किलोज्यूल काम लागतं, आणि इंजिनाची कार्यक्षमता धरली तर त्यासाठी पाव लिटरला थोडं कमी पेट्रोल जळतं. अशा प्रवासात एकूण आठ लिटर लागत असेल, तर नुसत्या चढामुळं जवळपास तीन टक्के पेट्रोल जास्त जातं, आणि येताना बरंचसं तेवढंच वाचतं. जाताना आणि येतानाच्या ॲव्हरेजमध्ये पाच टक्क्यांचा फरक निव्वळ भूगोलाचा. लातूरला जाताना डबी नाही, तिथं कुणाच्या तरी आग्रहावरून घेतली आणि परत येताना लावली, तर ती डबी पाच टक्क्यांनी 'पास' होणार. हाच सौदा नांदेडला झाला असता, तर तीच डबी नापास झाली असती.

त्यात वारा धरा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पठारावर पश्चिमेचा वारा जोराचा असतो, आणि लातूर नांदेडच्या नैर्ऋत्येला आहे. एसी किती वेळ चालला, लोह्यात गर्दी होती की नाही, गाडीत दोघं होते की पाच, हे सगळं आकड्यात मिसळत जातं. टाकी फुल्ल करतानाची गडबड वेगळीच. पंपाचा नोझल आपोआप बंद होतो, पण दर वेळी तो त्याच पातळीला बंद होईलच असं नाही. गाडी किंचित तिरकी उभी असली, पेट्रोलला फेस आला, भरणाऱ्यानं आकडा गोल करायला दोन झटके जास्त मारले, की अर्धा लिटर इकडं-तिकडं होतो. दहा लिटरच्या हिशेबात अर्धा लिटर म्हणजे पाच टक्के. ज्या वस्तूचा परिणाम आपण शोधतो आहोत, तेवढीच आपल्या मापट्याची चूक.

याहून मोठी गोष्ट पायात असते. हजार रुपये मोजून वस्तू बसवली की माणूस ॲव्हरेजकडं लक्ष द्यायला लागतो. ॲक्सिलरेटर हलका दाबतो, पुढं सिग्नल दिसला की आधीच पाय काढतो, शंभरऐवजी ऐंशीनं जातो. शिवाय वस्तू बसवायची म्हणून गाडी गॅरेजात गेलेली असते. तिथं एअर फिल्टर झटकून मिळतो, हवा तपासली जाते. पेट्रोल खरंच वाचतं, पण ते डबीमुळं नाही.

म्हणूनच खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. गाडी रोलरवर उभी करायची आणि ठरलेल्या वेगांचं एकच चक्र वस्तूसह आणि वस्तूशिवाय चालवायचं. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था नव्या गाड्यांचं ॲव्हरेज अशाच रोलरवर तपासते, म्हणून कंपनीचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही, पण एका गाडीची दुसरीशी तुलना प्रामाणिक होते. अमेरिकेत १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर तिथल्या पर्यावरण संस्थेनं अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली. बहुतेकांचा काहीच उपयोग दिसला नाही. ज्या मोजक्यांचा दिसला तोही किरकोळ होता, आणि त्यांत गाडी वेग घेत असताना एसीचा कॉम्प्रेसर तात्पुरता बंद करणारं एक साधन होतं. म्हणजे तिथंही चमत्कार नव्हता, नुसता एसी बंद केला होता.

आपल्या देशात इंधनाच्या चमत्काराचा सर्वात गाजलेला दावा तमिळनाडूतल्या रामर पिल्लै यांचा. १९९६ साली त्यांनी वनस्पतींपासून पेट्रोल बनवून दाखवलं आणि देशभर खळबळ उडाली. शास्त्रज्ञांसमोर कडक देखरेखीत प्रयोग झाला तेव्हा तो फसला. पुढं 'रामर पेट्रोल' विकून लोकांना फसवल्याबद्दल २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयानं त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. मधली वीस वर्षं विश्वास ठेवणारे कमी नव्हते, कारण गरज खरी होती.

आज मराठवाड्यात ही गरज नव्यानं जागी झाली आहे ती इथेनॉलमुळं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि त्यातला काही भाग आपल्याच लातूर-नांदेडकडच्या उसाच्या पट्ट्यातून येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही चांगली गोष्ट आहे, आणि मला ती मनापासून चांगली वाटते. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच, सुमारे २१ हजार किलोज्यूल ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२०च्या लिटरमध्ये सात टक्के ऊर्जा कमी, आणि आधीच्या ई-१०च्या तुलनेत साडेतीन टक्के. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या चारचाकींना सहा-सात टक्के आणि ई-२०साठी जुळवलेल्यांना एक-दोन टक्के फटका बसेल असंच म्हटलं होतं. वीस देणारी गाडी एकोणीसवर आली, तर तिच्यात बिघाड झालेला नाही. लिटरमध्ये जी ऊर्जा आलीच नाही, ती कुठलंही चुंबक आणून देणार नाही. 'ई-२० स्पेशल' म्हणून विकायला येणाऱ्या गोळ्यांकडं याच नजरेनं पाहा.

मग खरंच काय चालतं, हे एसटीच्या आगारात दिसतं. एसटीत डिझेलचा हिशेब केपीटीएलवर चालतो, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. कोणत्या ड्रायव्हरच्या हातून किती डिझेल जातं यावर आगाराची नजर असते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत इंधन बचतीचा खास महिना पाळतात. त्यात सांगितलेल्या गोष्टी नीरस वाटाव्यात अशाच: गिअर वेळेवर टाका, अर्ध्या क्लचवर गाडी ओढू नका, उभ्या गाडीचं इंजिन बंद करा, हवा तपासा. हजारो बस चालवणाऱ्या महामंडळाला एक टक्का डिझेल म्हणजे मोठी रक्कम. मोटार कंपन्यांचंही तसंच. २०२२-२३पासून कंपनीच्या साऱ्या गाड्यांचं सरासरी कार्बन उत्सर्जन किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास ठेवायचं बंधन आहे. त्यातला एकेक ग्रॅम कमी करायला पातळ ऑइल आणि हलकं पोलाद वापरतात. पाचशेच्या चुंबकानं काम भागत असतं, तर ते कारखान्यातच बसून आलं असतं.

आपल्या गाडीचं सांगायचं तर चाकात पाव हिस्सा हवा कमी असली की तीन टक्क्यांच्या आसपास पेट्रोल जास्त जातं, आणि पंक्चरवाल्याकडं हवा तपासायला दोन मिनिटं लागतात. ऐंशीवरून शंभरला गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. चौपदरी महामार्ग झाल्यापासून आपण सगळेच शंभरला सरावलो आहोत, आणि तिथंच सर्वात जास्त पेट्रोल जळतं. टपावर रिकामं कॅरिअर कायम ठेवू नका. एसी लावून उभी गाडी तासाला लिटरभर पेट्रोल पिऊ शकते. जुन्या इंजिनात इंजेक्टरवर काजळी साचली असेल तर चांगल्या क्लीनरनं थोडा फायदा होतो, पण तो फायदा म्हणजे गेलेलं ॲव्हरेज परत येणं, नवं मिळणं नव्हे. आणि ज्याला खर्चच कमी करायचा आहे, त्यानं मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी. ते तपासलेलं असतं, आणि कायद्यालाही मान्य असतं.

तरीही कुणाला स्वतः पाहायचं असेल तर जरूर पाहावं, पण असं: एकच पंप, तोच नोझल, हवा मोजून भरलेली, आणि प्रत्येक फेरी जाऊन-येऊन, म्हणजे चढ-उतार फिटतो. डबी घरच्या कुणाला तरी द्या; त्यांनी सॉकेटवर काळी पिशवी झाकायची. प्रत्येक फेरीला पिशवीखाली डबी लावली आहे की नाही, हे त्यांनी वहीत लिहायचं, तुम्हाला सांगायचं नाही. आठ-दहा फेऱ्या झाल्यावरच वही उघडायची.

ज्यांनी आधीच घेतलं आहे त्यांनी बॉनेटखालची पाण्याची बरणी मात्र काढून टाकावी. तिच्यात बहुधा पोटॅशचं जळजळीत द्रावण असतं, हायड्रोजन पेट घेणारा वायू आहे, आणि वायरिंगला हात लावल्यामुळं वॉरंटी आणि विम्याचा दावा दोन्ही अडचणीत येतात. पक्कं बिल आणि ॲव्हरेजचा दावा लिहिलेलं पाकीट जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड सांगतो. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते, आणि नांदेड आणि लातूर दोन्हीकडं जिल्हा ग्राहक आयोग आहे.